मिस्टरांचं सूप आणि शनिवारचं चायनीज

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नागपूरहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४५, स्वतः नोकरी करतात. घरात मिस्टर (वय ४९), अकरावीतला मुलगा आणि सासूबाई. गेली काही वर्षं दर शनिवारी संध्याकाळी चौघं धरमपेठेतल्या एका चायनीज हॉटेलात जेवायला जातात. शनिवार असल्यामुळे सगळं व्हेज. ‘आठवड्यातून तेवढं एकदाच आम्ही चौघं एका टेबलावर बसतो,’ असं त्या लिहितात. मध्यंतरी मिस्टरांच्या तपासण्या झाल्या, बीपीची गोळी सुरू झाली आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, ‘बाहेरचं सगळं बंद.’ तेव्हापासून शनिवारी मिस्टर फक्त हॉट अँड सोर सूप घेतात, दोन बाऊल, आणि थोड्या वेळाने मुलाच्या प्लेटमधलं मंचुरियन उचलतात. त्यावरून टेबलावरच शब्दाला शब्द वाढतो. ताईंनी वेटरला ‘अजिनोमोटो नको’ सांगायला सुरुवात केली. घरीही बाटलीतले सॉस आणून चायनीज करून पाहिलं, ते मुलाला आवडलं नाही. तो क्लास सुटल्यावर चायनीजच्या गाडीवर हाफ नूडल्स खातो, हेही नुकतंच कळलं. त्या विचारतात, ‘चायनीज इतकं वाईट असेल तर शनिवारचं जाणंच बंद करू का? की तिथे असं काही आहे जे आम्ही निर्धास्त खाऊ शकतो? घरात सगळ्यांच्या तोंडचा घास काढणारी मीच ठरते आहे.’

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी मिस्टरांचं ते सूप बंद करा. शनिवार राहू द्या.

तुम्हाला हे उलटं वाटेल. आपल्याकडे आजाऱ्याला सार देतात, कढण देतात, म्हणून पातळ ते हलकं असं आपण धरून चालतो. पण हॉटेलातलं हॉट अँड सोर कसं होतं ते बघा. पाण्यात किंवा स्टॉकमध्ये सोया सॉस, मीठ, चिली सॉस, व्हिनेगर, बहुतेक ठिकाणी तयार मसाल्याची पावडर, आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. भाज्या नावाला. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मिठाच्या हिशेबात ते दोन ग्रॅमच्या वर जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. त्यात सकाळची भाजी, वरण, पोळी, पापड, चहासोबतचा चिवडा सगळं आलं. एवढं झाल्यावर रात्री दोन बाऊल सूप. ज्यांना बीपीची गोळी सुरू झाली आहे त्यांनी पथ्य म्हणून टेबलावरची सगळ्यात खारट गोष्ट निवडली आहे.

शिवाय त्या सुपाने पोट भरत नाही. मिस्टर मुलाच्या प्लेटमधलं मंचुरियन उचलतात त्याला तुम्ही मनाचा कच्चेपणा म्हणता. मला तर ती सरळसरळ भूक दिसते. दिवसभर ऑफिस करून आलेला माणूस साडेनऊ वाजता गरम पाण्यावर बसला आहे आणि समोर तिघं जेवताहेत. मीही उचललं असतं.

आता तुमचा अजिनोमोटो. तुम्ही एकट्या नाही, निम्म्या नागपूरला वाटतं की चायनीजमध्ये तेवढं एकच वाईट आहे आणि ते टाकू नका म्हटलं की झालं. अजिनोमोटो हे खरं तर कंपनीचं नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री वनस्पतीच्या रस्स्यातून ती चव वेगळी काढली. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, मशरूममध्ये असतं, चीजमध्ये असतं. त्याची भीती पसरली ती १९६८ मध्ये. चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं, कारण काय असेल त्याचे दोन-चार तर्क केले, आणि लोकांनी त्यातला हा एक उचलला. पुढे ज्या चाचण्यांमध्ये खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही कशात काय घातलंय हे ठाऊक नव्हतं, त्यांत तसा परिणाम सातत्याने दिसला नाही. उपाशीपोटी, अन्नाशिवाय ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काही थोड्या जणांना डोकेदुखी, चेहऱ्यावर गरम झाल्यासारखं असा तात्पुरता त्रास होऊ शकतो, एवढं मान्य आहे. ते घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात ते साधारण अर्ध्या ग्रॅमच्याही आत असतं. आपल्याकडे २०१५ मध्ये एका लाडक्या झटपट नूडल्सवर बंदी आली, नंतर मुंबई उच्च न्यायालयात ती रद्द झाली; पण त्या गडबडीत हे नाव घराघरात पोचलं आणि मनात बसलं ते बसलंच.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. साध्या मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असतं, अजिनोमोटोमध्ये १२ टक्के. तुम्ही ‘अजिनोमोटो नको’ म्हणता तेव्हा आचारी चव भरून काढायला काय करतो? सोया वाढवतो, मीठ वाढवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुमच्यापैकी कुणाला त्याने खरंच त्रास होत असेल तर जरूर टाळा. नसेल तर वेटरशी घालायची हुज्जत दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

ती दुसरी गोष्ट म्हणजे तळण आणि पिठावर पीठ. व्हेज मंचुरियनचा गोळा घ्या. किसलेली कोबी-गाजर असतं खरं, पण ते बांधायला मैदा आणि कॉर्नफ्लोअर. मग तो तेलात तळायचा. मग ज्या ग्रेव्हीत सोडायचा तिलाही कॉर्नफ्लोअर. ती ग्रेव्ही घ्यायची फ्राइड राइसवर किंवा मैद्याच्या नूडल्सवर. म्हणजे एका घासात पीठ तीन-चार वेळा येतं, तेल दोन वेळा, मीठ प्रत्येक थरात. ६.२ एचबीएवनसी असलेल्या माणसाला (५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी धरतात) खरी अडचण इथे आहे. ‘आम्ही व्हेजच घेतो’ हे तुम्ही पत्रात ज्या सुरात लिहिलंय, त्यात थोडा दिलासा मला ऐकू आला. तो दिलासा घेऊ नका. गोबी मंचुरियन, क्रिस्पी व्हेज, चिली पनीर हे तिन्ही कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेले असतात. उलट शनिवारच्या नियमामुळे तुमच्या टेबलावर प्रथिनं जवळजवळ नसतातच. पिठाने भरलेलं पोट दोन तासांत पुन्हा रिकामं वाटतं आणि घरी येऊन फ्रिज उघडला जातो. उघडला जातो ना?

बरं, ज्याला आपण चायनीज म्हणतो ते चीनमध्ये कुणी असं जेवत नाही. कोलकात्यात, टांगरा आणि टिरेटा बाजार भागात वसलेल्या हक्का चिनी लोकांनी आपल्या जिभेला मानवेल असं हे जेवण घडवलं. चिकन मंचुरियन तर मुंबईत जन्मलं. १९७५ मध्ये नेल्सन वांग या आचाऱ्याने ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. लसूण, आलं, हिरवी मिरची आपली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. मला यात नाक मुरडण्यासारखं काही वाटत नाही, मला ते आवडतं. पण चिनी घरातलं जेवण कसं मांडतात ते बघण्यासारखं आहे. प्रत्येकाच्या हातात साध्या भाताची लहान वाटी, त्यात मीठही नाही. मधोमध तीन-चार पदार्थ, सगळ्यांचे मिळून. त्यात मोठ्या आचेवर परतलेल्या पालेभाज्या, टोफू, एखादा वाफवलेला मासा. सोबत बिनसाखरेचा चहा. (तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. मीठ तेही भरपूर खातात, सरासरी रोज १० ग्रॅमच्या आसपास.) तिखट-खारट पदार्थासोबत साधा भात, ही गोष्ट आपल्याला शिकवायला नको. सावजी रश्श्यासोबत कुणी मसालेभात मागवतं का? मग मंचुरियनच्या ग्रेव्हीसोबत शेजवान फ्राइड राइस का मागवायचा?

तर येत्या शनिवारी काय करायचं.

साडेसातला जा. साडेनऊच्या गर्दीत आचाऱ्याला कढईतून मान वर काढायला फुरसत नसते, तेव्हा कुणी तुमचं ऐकणार नाही. गर्दीआधी गेलात तर ऐकतात, कारण चायनीजची प्रत्येक प्लेट कढईत त्याच वेळी परतली जाते आणि सॉस त्याच वेळी पडतो. उडप्याच्या सांबारात मीठ कमी करा म्हणता येत नाही, इथे म्हणता येतं. वेटरला ‘हेल्दी काय आहे?’ असं विचारू नका, तो बिचारा सूप म्हणेल. थेट सांगा: ‘भाऊ, भाज्या जास्त, सॉस निम्मा, वरून मीठ नको, पनीर न तळता टाका.’ लसूण, आलं, मिरची, पातीचा कांदा हवा तेवढा वाढवायला सांगा. आंबटपणा आणि लसूण असला की मीठ कमी पडलेलं लवकर कळत नाही. टेबलावरच्या बाटल्यांपैकी व्हिनेगरातल्या मिरच्या आपल्याकडे ओढा आणि सोयाची बाटली शेजारच्या टेबलाला देऊन टाका.

चौघांत भात-नूडल्सची मिळून एकच फुल प्लेट घ्या, जास्तीत जास्त दोन, आणि त्यातली एक साध्या वाफेच्या भाताची. आपल्याकडची फुल प्लेट दोघांना पुरते, तरी माणशी एक मागवली जाते आणि मग ‘टाकवत नाही’ म्हणून संपवली जाते. बाकी टेबल भाज्यांनी भरा. मिक्स व्हेज लसणाच्या सॉसमध्ये, मशरूम-ब्रोकोली, बेबी कॉर्न-सिमला मिरची, न तळलेलं पनीर. टोफू मिळत असेल तर फारच छान. स्टार्टर हवंच असेल तर वाफवलेले मोमो, आणि त्यासोबतची लाल चटणी बोटभर. सासूबाईंना सूपशिवाय जेवण सुरू झाल्यासारखं वाटत नसेल तर एक क्लिअर किंवा लिंबू-सांबाराचं सूप (नागपूरबाहेरच्यांनी कोथिंबीर वाचावं) दोघांत वाटून घ्या. मीठ त्यातही असतं, पण कॉर्नफ्लोअर सहसा नसतं आणि अर्धा बाऊल म्हणजे अर्धंच मीठ. मंचाव सूप मागवलंत तर सोबत त्या तळलेल्या नूडल्स येतात त्या तुमचा मुलगा संपवेलच, त्याच्याशी भांडू नका.

आणि मंचुरियन? मागवा. एक प्लेट, ड्राय, चौघांत. ग्रेव्हीवालं आणि ड्राय यांत ड्राय बरं, कारण ग्रेव्हीसोबत मीठ आणि पीठ दोन्ही पोटात जातं. मिस्टरांच्या वाट्याला दोन गोळे येतील, ते त्यांच्या स्वतःच्या प्लेटमध्ये वाढा. आपल्या प्लेटमधलं खाताना माणूस सावकाश खातो.

भाज्या आणि पनीर आधी, भात-नूडल्स शेवटी, हा क्रम मिस्टरांनी पाळला तर उपयोग होतो. तेच जेवण या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. कोल्ड्रिंक नको, ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. खारा लाइम सोडाही नको, साधा सांगा, मीठ-साखर दोन्ही वगळून. जेवण झाल्यावर गाडी काढायच्या आधी ट्रॅफिक पार्कच्या बाजूने पंधरा-वीस मिनिटं चाला. जेवणानंतर लगेच चाललेली एवढी पावलंही साखर खाली ठेवायला मदत करतात.

घरी करून पाहिलेल्या चायनीजबद्दल एक. शेजवान चटणीची बाटली घरी उघडली म्हणून ती घरची होत नाही. मागचं लेबल वाचा. सोडियमचा आकडा १०० ग्रॅमला दिलेला असतो आणि तो पाहून तुम्ही झाकण परत लावाल. मुलाला ते का आवडलं नसेल त्याचाही मला अंदाज आहे. चौघांचं एकदम कढईत टाकलंत तर भाज्यांना पाणी सुटतं आणि त्या शिजतात, परतल्या जात नाहीत. लोखंडी कढई चांगली तापू द्या, एका वेळी एकाच प्लेटचं परता, सगळ्या घाण्यांत मिळून सोया सॉस एक-दोन छोटे चमचे, बाकी व्हिनेगर, भरपूर लसूण आणि मिरपूड. हिवाळ्यात पातीचा कांदा, मटार, फुलकोबी स्वस्त असते, तेव्हा हे करायला मजा आहे. ‘लो सोडियम’ मीठ किंवा सॉस आणायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असू शकतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत किंवा किडनीचा त्रास असताना ते धोक्याचं ठरतं.

आता जरा शनिवारच्या बाहेर बघू. आठवड्यात एकवीस जेवणं, नाश्ता धरून. तुमचं सगळं भांडण एकविसांतल्या एकावर चाललंय. उरलेल्या वीसमध्ये काय असतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण नागपूर आहे, मी अंदाज बांधते. रविवारी सावजी मटण, वर तेलाचा तवंग. एखाद्या सकाळी तर्री पोहे. जेवताना लोणचं, ठेचा, उन्हाळ्यात केलेले पापड आणि ताकातल्या मिरच्या वर्षभर. संध्याकाळी चहासोबत ऑफिसात कचोरी किंवा घरी चिवडा-फरसाण. ‘आपलं’ म्हणून यातल्या कशाचाही हिशेब होत नाही. आपल्या देशात माणूस सरासरी रोज ८ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, आणि ते काही चायनीज हॉटेलात जाऊन नाही. मिस्टरांचं बीपी खाली यायला हवं असेल तर रोजचा पापड आणि चिवडा आधी हलवा. शनिवार त्या मानाने किरकोळ आहे. आणि हो, ‘नागपूरचा उन्हाळा, घामातून मीठ जातं, मग वरून घ्यायलाच हवं’ हे मी फार ऐकते. उन्हातान्हात दिवसभर राबणाऱ्याची गोष्ट वेगळी; कूलरखाली बसून काम करणाऱ्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला जेवणातलं मीठ पुरून उरतं.

तुमचा शेवटचा प्रश्न खाण्याचा नव्हताच. घास काढणारी मीच ठरते, असं तुम्ही लिहिता. मला विचारायचंय, रिपोर्ट कुणाचा आहे? पत्र तुम्ही लिहिलंत, वेटरशी तुम्ही बोलता, मंचुरियनचे गोळे तुम्ही मोजता. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला आपल्या बीपीचा आकडा बायकोच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळत असेल, तर तो आठ्याच चुकवत राहणार. घरी बीपीचं मशीन आणा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या. रोज सकाळी त्यांनीच मोजायचं, त्यांनीच वहीत लिहायचं, रविवारची सकाळ धरून. सूप प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या शनिवारनंतर काय आकडा येतो तो त्यांनाच दिसू द्या. प्रत्येकाच्या शरीराला मीठ सारखं बाधत नाही. त्यांना किती बाधतं हे त्या वहीत दिसेल, माझ्या सदरात नाही. मेन्यूकार्डही यापुढे त्यांच्या हातात द्या. वर सांगितलेली ऑर्डर त्यांनी द्यायची, तुम्ही आयतं जेवायचं.

डॉक्टरांनी ‘सगळं बंद’ म्हटलं, ते त्यांच्या जागी ठीक. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असताना मेन्यूकार्ड समजावून सांगता येत नाही. पुढच्या वेळी मिस्टरांनीच ती वही घेऊन जावं आणि नेमकं विचारावं: आठवड्यातून एकदा असं असं जेवलो तर चालेल का, मीठ किती, भात किती? किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, गोळी घेऊनही बीपी आटोक्यात नसेल, तर डॉक्टर नाही म्हणतील आणि मग माझं वरचं सगळं बाजूला ठेवायचं. सासूबाईंचं बीपी कुणी मोजलंय का, हेही त्याच खेपेत उरकून घ्या.

मुलाच्या गाडीवरच्या खाण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नूडल्स खातो याचं मला फार नाही, वाढतं वय आहे, तीन-चार तास क्लासमध्ये बसून पोरगा भुकेला होतो. क्लासला जाताना त्याच्या बॅगेत पोट भरेल असं काही द्या: पोळीत गुंडाळलेली अंडा भुर्जी, उकडलेले चणे, शेंगदाणे-गूळ. रोजची हाफ प्लेट आपोआप आठवड्यातून एकदोनदावर येईल. मित्रांसोबत उभं राहून खाण्यातली गंमत त्यालाही हवी, तेवढी राहू द्या. पण कुठल्या गाडीवर खायचं हे त्याला शिकवा. कढईतलं तेल काळं, दाट, धूर सोडणारं असेल तर पुढे जायचं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात खराब घटक साठत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये, असा नियम देशात २०१८ पासून आहे, पण तो पाळला जातोय की नाही हे गाडीवर तेल बघूनच ओळखावं लागतं. मंचुरियन लालभडक दिसत असेल आणि बोटांना रंग लागत असेल तर तो मिरचीचा नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती नमुने तपासल्यावर त्यांत असे रंग सापडले म्हणून. फिक्या तपकिरी रंगाचं मंचुरियन मिळत असेल तर ती गाडी बरी.

आणि भात. फ्राइड राइससाठी भात आधीच शिजवून गार करतात, तो मोकळा होतो म्हणून. दुपारी शिजवलेला तो भात किंवा उकडलेल्या नूडल्स मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत रात्रीपर्यंत टोपल्यात उघड्या पडल्या असतील तर खरं दुखणं तिथे आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट हवेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा परतून जात नाही. कढई कितीही पेटलेली असो. काही तासांतच उलट्या सुरू होतात. दोष मात्र दिला जातो अजिनोमोटोला. उन्हाळ्यात मुलाने गाडीवर राइस आणि नूडल्स दोन्ही टाळलेलं बरं, हॉटेलात ज्यांच्याकडे फ्रिज आहे तिथे खावं.

हाच नियम तुमच्या शनिवारच्या पार्सललाही लागू आहे. उरलेला राइस डब्यात घेऊन चालायला गेलात, मग सासूबाईंच्या मैत्रिणीकडे थांबलात आणि अकरा वाजता घरी पोचलात, असं करू नका. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, नागपूरच्या उन्हाळ्यात तर एका तासात. त्यामुळे उन्हाळ्यात पार्सल असेल त्या दिवशी आधी घरी जा, डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि फेरी आपल्याच गल्लीत मारा. दुसऱ्या दिवशी खायचं तर एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून. त्यातही उरलं तर सरळ टाकून द्या.